चिल्लरीतले मानकरी

‘1869 सालचे नाणे सापडलेय, किती येतील?’ असे विचारत कुणी ना कुणी नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे येतोच. नाण्यावर गांधीजींचा चेहरा असतो आणि 1869–1948 असे आकडे. जन्माच्याच वर्षी त्यांचे टक्कल पडलेले चित्र नाण्यावर कसे आले, हा प्रश्न मात्र उत्साहाच्या भरात राहून जातो. ते नाणे 1969 सालच्या जन्मशताब्दीचे. पाडल्याचे साल त्यावर घातलेलेच नाही.

एखाद्या व्यक्तीच्या, संस्थेच्या किंवा घटनेच्या स्मरणार्थ सरकार अशी नाणी काढते. स्वतंत्र भारतात सुरुवात झाली 1964 साली, नेहरूंच्या निधनानंतर. पन्नास पैसे आणि एक रुपया अशी दोन नाणी तेव्हा व्यवहारात आली. नेहमीच्या नाण्याइतकीच किंमत, आणि वाटही तीच: बँकेतून दुकानात, दुकानातून खिशात. 2023 साली नव्या संसद भवनासाठी काढलेले 75 रुपयांचे नाणे या जातीचे नाही. तसली नाणी टांकसाळ डबीत घालून चढ्या किमतीला विकते, भाजीवाल्याकडून सुट्या पैशांत ती मिळायची नाहीत. नवशिक्याने त्यांच्या वाटेला आधी जाऊच नये.

सुरुवात अगदी सोपी आहे. 6 जून 2022 रोजी स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाची एक, दोन, पाच, दहा आणि वीस रुपयांची नाणी जारी झाली. ती अजून हातात येतात. पाचही जमली की संग्रहाचा पहिला संच तयार, आणि खर्च फक्त 38 रुपये.

पुढे मात्र एखादा विषय धरावा, नाहीतर डबा भरतो आणि संग्रह काही होत नाही. मराठी घरासाठी विषय तयारच आहे. डॉ. आंबेडकरांचा 1990 चा रुपया, संत ज्ञानेश्वरांचा 1999 चा रुपया, त्याच वर्षीचे छत्रपती शिवाजी महाराजांचे अकरा कडांचे दोन रुपये, 2002 चे तुकाराम महाराजांचे दोन रुपये आणि 2007 चे लोकमान्य टिळकांचे पाच रुपये. यातली बरीच आता गल्ल्यात दिसत नाहीत, व्यापाऱ्याकडून घ्यावी लागतात. घ्यायचीच तर चेहऱ्याचे नाक, केस, अक्षरांच्या कडा शाबूत असलेले नाणे निवडावे. गुळगुळीत झालेल्या पाच नाण्यांपेक्षा ठसठशीत एक बरे.

यानंतर लागते ते भिंग. साल जिथे असेल त्याच्या खाली पाहावे. तिथे छोटा चौकट आकार असेल तर नाणे मुंबईच्या टांकसाळीचे, चांदणी असेल तर हैदराबादचे, गोल ठिपका असेल तर नोएडाचे. काहीच नसेल तर कोलकात्याचे. एकच नाणे एकापेक्षा जास्त टांकसाळींत पाडलेले असू शकते, आणि खरा नाद लागतो तो इथेच. ‘माझ्याकडे आहे’ म्हणणारा माणूस आठवड्याभरात ‘माझ्याकडे हैदराबादचे नाही’ म्हणू लागतो.

दुसरे हत्यार म्हणजे लोहचुंबक. शिवाजी महाराजांचे दोन रुपये तांबे-निकेलचे, ते चुंबकाला चिकटत नाही. ज्ञानेश्वरांचा रुपया पोलादी, तो चिकटतो. दांडी यात्रेच्या पंच्याहत्तरीनिमित्त 2005 साली काढलेले पाच रुपये तर दोन्ही धातूंत सापडतात. तांबे-निकेल महाग झाले, म्हणून सरकार हळूहळू पोलादाकडे वळले. एकाच नाण्याची दोन रूपे शोधायला पैसे पडत नाहीत, थोडी चिकाटी लागते.

घरी आणलेले नाणे कितीही काळे असले तरी चिंच, लिंबू, राख यांपासून लांब ठेवावे. देवाची भांडी उजळतात तसे नाणे उजळायला गेले की पृष्ठभागावर ओरखडे येतात आणि संग्राहक ते हातातही घेत नाहीत. नाणे धरायचे कडेने. ठेवायचे ते संग्राहकांच्या पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत ते कालांतराने हिरवट, चिकट होते.

आणि पैसे? वैष्णोदेवीचे नाणे द्या, लाखो रुपये घ्या, असले निरोप मोबाइलवर फिरत असतात. हे नाणे 2012 साली पाच आणि दहा रुपयांत मुबलक निघाले. त्याला लाखोंचा भाव देणारा माणूस आधी ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘कर’ मागतो, तिथेच ओळखावे. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी आपण कुणालाही नेमलेले नाही आणि कसले शुल्कही घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेने 2021 साली स्पष्ट सांगितले आहे. चलनी स्मारक नाण्यांत श्रीमंत होण्याजोगे फारसे काही नाही. हे मान्य असणाऱ्यानेच या छंदात पडावे.

ज्यांना आणखी खोलात जायचे आहे त्यांनी मुंबईत फोर्टमधले रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय पाहावे. नाशिकजवळ अंजनेरीला तर नाणेशास्त्राची स्वतंत्र संशोधन संस्थाच आहे.

पण सर्वांत जवळची खाण घरातच असते. 30 जून 2011 पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून बाद झाली, तेव्हा कित्येकांनी ती डब्यात टाकून माळ्यावर ठेवली. त्या ढिगात 1982 च्या दिल्ली एशियाडचे चार आणे असू शकतात, जागतिक अन्न दिनाचे 1981 मधलेही असू शकतात. दिवाळीच्या साफसफाईत तो डबा भंगारवाल्याला देण्याआधी प्रत्येक नाणे एकदा उलटून पाहा.