सहाशे फोटोंचे बारसे



मागच्या सुक्कोथच्या सुट्टीत आम्ही पत्र्याच्या पेटीतले जुने फोटो नातवाकडून स्कॅन करून घेतले. भरले ६१२! पण यंत्राने त्यांना नावे दिली ती नुसत्या नंबरांची. कोण आजोबा, कोण आत्या, काही पत्ता लागेना. एकेका नावाला अर्धा मिनिट धरला तरी पाच तास लागणार. नातू म्हणाला, "आजी, हाताने कशाला? मी स्क्रिप्ट लिहितो." स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला ओळीने लिहून दिलेली कामे. जेमतेम पंधरा ओळी, पायथॉन भाषेतल्या.

पहिल्या दिवशी फजिती झाली. स्क्रिप्टने फक्त साल आणि गाव घातले, त्यामुळे एकाच लग्नाच्या साऱ्या फोटोंना एकच नाव मिळाले. काही संगणक अशा वेळी अडून बसतात. काही मात्र न विचारता जुन्या फाइलवर नवी बसवतात. आमचा दुसऱ्या जातीचा! ४३ फोटोंचे ९ उरले. सगळे आधीच दुसऱ्या डिस्कवर उतरवले होते म्हणून वाचलो.

वॉर्डात आम्ही बाळाच्या मनगटाला पट्टी बांधत असू. एकाच नंबरच्या दोन पट्ट्या कधीच नाहीत. इथेही तोच नियम. मग आम्ही तक्ता केला. पहिल्या रकान्यात जुने नाव, दुसऱ्यात नवे, तिसऱ्यात मराठीत माणसांची ओळख. स्क्रिप्ट आधी तक्ता तपासते, नवे नाव दोनदा आले तर थांबते, काय बदलणार ते नुसते दाखवते, आणि आपण 'हो' म्हटल्यावरच बदलते. चुकले तर तोच तक्ता उलटा वाचायचा, की जुनी नावे परत.

बाळांनो, दोन गोष्टी ध्यानात ठेवा. साल आधी, मग महिना, मग दिवस लिहा, म्हणजे फोटो आपोआप क्रमाने लागतात. तारखेत तिरकी रेघ नको, आडवी घाला, कारण तिरकी रेघ फाइलच्या नावात चालत नाही. आणि नंबर ००१, ००२ असे. नुसते १, २ लिहिले तर पुष्कळ ठिकाणी १० हा २ च्या आधी येऊन बसतो, कारण तिथे संगणक एकेक अक्षर जुळवून पाहतो.

स्क्रिप्टचे काम दोन सेकंदांत झाले. तक्ता भरायला मात्र आम्हाला चार महिने लागले. रेवदंड्याच्या सिनेगॉगसमोर उभी असलेली नऊवारीतली बाई कोण, हे कुठल्या यंत्राला ठाऊक? आमच्या नव्वदीतल्या मावशीला टेलिफोन केला, वर्णन सांगितले. तिने नाव सांगितले, माहेरचेसुद्धा, आणि त्या लग्नात पुरणपोळ्या कोणी केल्या तेही. पुढच्याच महिन्यात मावशी गेली.

त्या तक्त्यात अजून ५८ ओळी रिकाम्या आहेत. त्या कोणाला विचाराव्या, आता आमच्यापाशी माणूस नाही. म्हणून सांगतो मंडळी, तुमच्या घरी पेटी असेल तर आज उघडा. स्क्रिप्ट नातवंडे लिहितील, नावे तुम्ही सांगा.