वेळासच्या किनाऱ्यावरचं माहेरपण

बचत गटाची सहल म्हटली की आपण देवदर्शनाला जातो. आज मी तुम्हाला एका वेगळ्या गावाची माहिती सांगणार आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातलं हे वेळास. बाणकोटजवळचं, नारळी-पोफळीच्या वाड्यांचं लहानसं गाव. इथे समुद्री कासवं अंडी घालायला येतात.

या कासवांचं नाव ऑलिव्ह रिडले. थंडीच्या दिवसांत मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी वाळूत दीड-एक फूट खड्डा करते, शंभरच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. पुन्हा ती पिल्लांकडे बघायला येत नाही. अंडी उबवायचं काम वाळूची ऊब करते. गंमत म्हणजे वाळू जास्त गरम असली तर माद्या जास्त होतात, थंड असली तर नर.

पूर्वी ही अंडी माणसं खायला आणि विकायला न्यायची. उरलेली कुत्री-कोल्हे उकरायचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 साली गावकऱ्यांना सोबत घेऊन इथे संरक्षणाचं काम सुरू केलं. पुढे वनखात्याचीही साथ मिळाली. कार्यकर्ते पहाटे किनारा पालथा घालतात, अंडी अलगद काढतात आणि कुंपणाच्या आत तसाच खड्डा करून पुरतात. आपली खुडूक कोंबडी अंडी उलटी-पालटी करते. कासवाच्या अंड्याला मात्र ते चालत नाही. आत जीव धरला की अंडं फिरवलं तर पिल्लू दगावू शकतं. म्हणून हे काम शिकलेल्या हातांनीच करायचं.

साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. त्यांना पाण्यात नेऊन टाकत नाहीत. थोडं अलीकडे वाळूवर सोडतात आणि ती आपल्या पायांनी समुद्राकडे जातात. मोठी झालेली मादी पुन्हा त्याच भागातल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येते, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे माहेरीच बाळंतपण म्हणा ना!

हे बघायला दरवर्षी कासव महोत्सवाला लोक येतात. गावात मोठी हॉटेलं नाहीत. पाहुणे घरोघरी उतरतात, घरचंच जेवतात. जेवणाखाणाचं, राहण्याचं बायका बघतात आणि तो पैसा त्याच घरात राहतो. अंडी विकून एकदाच पैसे मिळायचे. जिवंत पिल्लांमुळे दरवर्षी घराला हातभार लागतो.

जायचं असेल तर फेब्रुवारी ते एप्रिलचा काळ धरा. आधी गावात फोन करून चौकशी करा, कारण पिल्लं रोज निघतातच असं नाही. पिल्लं सकाळी किंवा संध्याकाळी सोडतात, त्यामुळे एक मुक्काम ठेवा. दोरीच्या आत जाऊ नका, पिल्लाला हात लावू नका, बॅटरी किंवा मोबाइलचा उजेड पाडू नका. उजेडाने पिल्लं वाट चुकतात. हे कासव कायद्याने संरक्षित आहे, त्याची अंडी घेणं गुन्हा आहे.

आणि परत आल्यावर गटाच्या बैठकीत एक प्रश्न जरूर घ्या: आपल्या गावच्या तळ्यावर, माळावर, देवराईत असं काय आहे, जे राखलं तर आपल्यालाही राखेल?