बीडच्या उन्हात गाडीचा जुना रंग काढताना

बीड जिल्ह्यात गाडीचा रंग आधी जातो तो टप आणि बॉनेटवरून. गाडी उघड्यावर, ऊन डोक्यावर. लॅकर पांढुरका पडतो, पापुद्रे सुटतात. मग मालक ठरवतो, सगळा रंग खरवडून नवा मारायचा. काम घरी होण्यासारखं आहे. मात्र रंग काढण्यापेक्षा उघडा पडलेला पत्रा सांभाळणं अवघड, म्हणून कामाचा क्रम त्या हिशेबाने लावावा.

पत्र्यापर्यंत जायलाच हवं का?

कंपनीच्या रंगात पत्र्यावर फॉस्फेटचा थर, मग विजेच्या प्रवाहाने बसवलेला प्रायमर, त्यावर सरफेसर, रंग आणि लॅकर असतो. सगळं मिळून जाडी साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटर. तळाच्या प्रायमरइतकं गंज अडवणारं काही घरी मारता येत नाही. चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. नुसता लॅकर निघाला तर ३२० नंबरच्या पेपरने वरचे थर उतरवून थांबा. फोड, गंज किंवा फुटलेली लांबी (पुट्टी) दिसली तरच तेवढ्या जागी पत्र्यापर्यंत जा.

हंगाम कोणता?

एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपुढे जातो, आणि अनेक रिमूव्हरमधलं मिथिलीन क्लोराईड जवळपास ४० अंशांनाच उकळतं. तापल्या पत्र्यावर ते रंगात मुरायच्या आत उडून जातं. पावसाळ्यात घासलेल्या पत्र्यावर रात्रीतून तांबूस गंज धरतो. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस बरे. सकाळची वेळ आणि सावली पाहून बसावं.

रिमूव्हर कसा लावायचा?

काचा, रबर आणि प्लॅस्टिकचा बंपर झाका. रिमूव्हर प्लॅस्टिक खातो. जाड थर एकाच दिशेने लावून वर पॉलिथिन पसरा. थोड्या वेळात रंग सुरकुततो, पापडासारखा फुगतो. मग पत्रीने अलगद उचला. सांध्यांपासून बोटभर अंतर ठेवा. फटीत राहिलेला रिमूव्हर पुढे झिरपून नवा रंग फोडतो. ती कड हाताने घासावी.

पेपर आणि ग्राइंडर

८० नंबरने सुरुवात, मग १२० आणि १८०. ग्राइंडर एका जागी धरला की पत्रा तापून ताणला जातो आणि नंतर दाबला की आत-बाहेर होतो. सॅंडब्लास्टिंग चाकाच्या लोखंडी डिस्कला चालतं. टप-बॉनेटच्या सपाट पत्र्याला बाक येतो.

धूळ आणि वाफ

भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आहे, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. जुन्या गाड्यांच्या पिवळ्या-लाल रंगात शिसं असू शकतं. म्हणून पेपर ओला करून घासा, मुलांना लांब ठेवा, कोरडा झाडू मारू नका. गमछ्याने ही धूळ अडत नाही. एफएफपी-२ मास्क लागतो. रिमूव्हरच्या वाफेला तोही पुरत नाही. मिथिलीन क्लोराईडचं शरीरात कार्बन मोनॉक्साईड होतं. बंद शटरमागे माणूस दगावू शकतो. अमेरिकेने २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांना असा रिमूव्हर विकणं बंद केलं. काम अंगणातच करा, रसायनाला टिकणारे हातमोजे आणि चष्मा घालून. खरवड नालीत न टाकता डब्यात बंद करा.

पत्रा त्याच दिवशी झाका

एका वेळी एकच भाग घ्या. बोअरच्या जड पाण्यातले क्षार पत्र्यावर राहिले तर रंगाखाली फोड येतात. शेवटचा हात जारच्या पाण्याचा फिरवा, लगेच कोरडं पुसा, थिनरने तेलकटपणा काढा आणि इपॉक्सी प्रायमर मारा. साधा प्रायमर आणि लांबी ओल शोषतात. त्यांच्या भरवशावर गाडी पावसात उभी ठेवू नये.

नव्या रंगाआधी

आरसीवर गाडीचा रंग नोंदलेला असतो. तो बदलायचा असेल तर एमएच-२३ वाल्यांनी बीडच्या, एमएच-४४ वाल्यांनी अंबाजोगाईच्या आरटीओत आधी विचारावं. हार्डनर घालून मारायच्या रंगाच्या फवाऱ्यात आयसोसायनेट असतं, त्याने दमा जडू शकतो. तेव्हा घासकाम घरी करावं आणि फवारा गॅरेजवाल्याकडे सोपवावा. मजुरीतला मोठा वाटा घासकामाचाच असल्याने बचत तरीही होते.