जागल्याचे रक्षण

जुन्या गावगाड्यात रात्रीची गस्त घालणाऱ्या राखणदारास जागल्या म्हणत. त्याने हाक द्यावी आणि गावाने उठावे, असा रिवाज होता. संस्थेच्या पोटातील गैरव्यवहार उघड करणाऱ्या नोकरासही आज मराठीत हेच नाव मिळाले आहे. परंतु त्याच्या हाकेला गाव उठते काय?

आपला अहिल्यानगर जिल्हा फौजी लोकांचा. निवृत्त सैनिक व त्यांचे कुटुंबीय यांच्या औषधोपचारासाठी १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. रोगी मान्यताप्राप्त रुग्णालयात जातो आणि बिल सरकार देते. म्हणजे रोग्याला बिल दिसत नाही आणि बिल देणाऱ्याला रोगी दिसत नाही! या दोहोंमध्ये काही खोटे शिरले, तर ते कळते फक्त तेथल्या कारकुनाला किंवा परिचारिकेला; आणि त्यांची भाकरी त्याच दाराशी बांधलेली असते.

हा प्रश्न आपल्यापुरताच नाही. २०१४ साली अमेरिकेत फीनिक्सच्या माजी सैनिक रुग्णालयात प्रतीक्षायाद्या दडविल्याचे डॉ. सॅम फूट यांनी उघड केले. खात्याच्या मंत्र्यांना पद सोडावे लागले आणि २०१७ साली अशा नोकरांच्या रक्षणाचा खास कायदा झाला.

आपल्याकडे मात्र आधी बळी गेला. अभियंता सत्येंद्र दुबे यांनी महामार्गाच्या कामातील भ्रष्टाचार पंतप्रधानांच्या कार्यालयास कळविला. नाव गुप्त ठेवण्याची त्यांची विनंती पाळली गेली नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेला त्यांचा खून झाला. त्यानंतर, २००४ साली, केंद्र सरकारने ठराव केला. केंद्रीय खात्यांतील गैरप्रकाराची तक्रार बंद लखोट्यातून केंद्रीय दक्षता आयोगाकडे पाठवावी. नाव आतल्या पत्रात असावे, लखोट्यावर नसावे. आयोग ते गुप्त राखतो. निनावी पत्राची मात्र दखल घेतली जात नाही. पुढे २०१४ साली संसदेने कायदाही केला. पण तो वर्षानुवर्षे अंमलाविना पडून राहिला.

याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीचे माजी सैनिक अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकारासाठी उपोषणे केली. २००२ साली महाराष्ट्राला व २००५ साली देशाला तो कायदा मिळाला. त्याचा येथे मोठा उपयोग आहे. कागद नागरिकांनी मागितला, तर नोकराला पुढे यावे लागत नाही.

ठरावाने नाव झाकता येते. धीर देता येत नाही. तो आपणच दिला पाहिजे. सीमेवर जागलेल्या माणसाच्या औषधासाठी कोणी जागा राहिला, तर निदान आपण झोपेचे सोंग घेऊ नये.