इंग्रजीचा जगप्रवास (लेखांक ६) : रवांडाने माध्यम बदलले

ऑक्टोबर २००८ मध्ये रवांडाच्या मंत्रिमंडळाने ठरवले की सरकारी शाळांतले शिक्षण यापुढे इंग्रजीतून होईल. तोवर बहुतेक मुले पहिली तीन वर्षे किन्यारवांडातून शिकत आणि चौथीपासून फ्रेंचकडे वळत. बहुसंख्य शिक्षकांचे स्वतःचे शिक्षणही फ्रेंचमधूनच झालेले. नवे शैक्षणिक वर्ष जानेवारीत सुरू होणार होते. बदल टप्प्याटप्प्याने व्हायचा होता खरा, पण दोन टप्प्यांमध्ये उसंत अशी नव्हतीच.

रवांडावर ब्रिटिशांचे राज्य कधीच नव्हते. आधी जर्मनी, पहिल्या महायुद्धानंतर बेल्जियम आणि १९६२ मध्ये स्वातंत्र्य, असा या देशाचा प्रवास. मग इंग्रजी आली कुठून?

ती परतलेल्या निर्वासितांबरोबर आली. १९५९ पासूनच्या हिंसाचारात तुत्सी समाजातली असंख्य कुटुंबे शेजारच्या देशांत पळाली. युगांडात गेलेल्यांची मुले तिथल्या इंग्रजी शाळांत वाढली. पुढे देशाचे अध्यक्ष झालेले पॉल कागामे त्यांच्यापैकीच एक. याच पिढीने उभारलेल्या रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंटने जुलै १९९४ मध्ये राजधानी किगाली जिंकली. त्याआधीच्या शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसांची कत्तल झाली होती. ज्या राजवटीने ती घडवली तिला फ्रान्सने वर्षानुवर्षे लष्करी मदत पुरवली होती. त्यामुळे नव्या राज्यकर्त्यांना फ्रेंचचा लळा असण्याचे काहीच कारण नव्हते. १९९६ मध्ये इंग्रजी राजभाषा झाली, २००६ मध्ये फ्रान्सशी राजनैतिक संबंध तुटले, २००७ मध्ये देश पूर्व आफ्रिकी समुदायात गेला आणि २००९ मध्ये राष्ट्रकुलात.

सरकारने जाहीरपणे सांगितलेले कारण व्यापाराचे होते आणि ते खोटे म्हणता येत नाही. रवांडाला समुद्रकिनारा नाही. इथला चहा आणि कॉफी मोंबासा किंवा दार-एस-सलामच्या बंदरातून जगात जाते आणि त्या वाटेवर फ्रेंचचा उपयोग फारसा नाही.

पण व्यापाराचे हे गणित पहिलीतल्या मुलाने का सोडवायचे? आफ्रिकेतल्या अनेक देशांत इंग्रजीच्या बाजूने एक युक्तिवाद ठरलेला असतो: भाषा डझनावारी आहेत, एकीला निवडले तर बाकीच्या रुसतील, तेव्हा परकीच बरी. रवांडात ही अडचणच नाही. हुतू, तुत्सी आणि त्वा या तिन्ही समाजांची भाषा एकच, किन्यारवांडा. देशातल्या जवळपास प्रत्येकाला ती येते. मातृभाषेतून शिकवण्याची इतकी सोय लाभलेले देश आफ्रिकेत थोडेच आहेत, आणि अशा देशातही मातृभाषेला प्राथमिक वर्गातली जागा टिकवता आलेली नाही.

याची झळ शिक्षकांना आणि मुलांना बसली. सुट्टीतल्या काही आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर शिक्षकांना गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायचे होते. ज्याला स्वतःला वाक्य जुळवताना अडखळायला होते, त्याने मुलाचा प्रश्न कसा ऐकायचा आणि उत्तर कसे द्यायचे? मग फळ्यावरचे वाक्य वहीत उतरवणे आणि एका सुरात म्हणणे एवढाच तास उरतो. समजावून सांगण्याची वेळ आली की शिक्षक किन्यारवांडाकडेच वळतात. ते योग्यच करतात, फक्त धोरणाला ते मान्य नाही.

२०११ मध्ये सरकारने पाऊल मागे घेतले. पहिल्या तीन इयत्ता पुन्हा किन्यारवांडातून सुरू झाल्या आणि इंग्रजी हा एक विषय राहिला. हा निर्णय शहाणपणाचा होता, पण टिकला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये पहिलीपासून इंग्रजी माध्यम पुन्हा जाहीर झाले. पालकांची बाजूही समजून घ्यायला हवी. खासगी शाळांतली मुले सुरुवातीपासून इंग्रजीतून शिकतात आणि सहावीअखेरची राष्ट्रीय परीक्षा इंग्रजीतच असते. आपले मूल मागे पडेल ही गरीब आईबापांची भीती खरी आहे. त्यावरचा उपाय मात्र परीक्षेत आणि शिक्षकांच्या तयारीत शोधायला हवा होता.

फ्रेंच या काळात पुरती गेली नाही. २०१८ मध्ये रवांडाच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री लुईज मुशिकिवाबो फ्रेंचभाषक देशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या महासचिव म्हणून निवडल्या गेल्या. २०२१ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन यांनी किगालीत १९९४ च्या कत्तलीबाबत आपल्या देशाची जबाबदारी मान्य केली. फ्रेंच, इंग्रजी, किन्यारवांडा आणि २०१७ पासून स्वाहिली, अशा चार राजभाषा आज रवांडात आहेत.

पूर्वेच्या सीमेपलीकडे टांझानियाने वेगळी वाट धरली. तिथे सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीतून चालतात आणि माध्यमिक शाळेत पाऊल ठेवताच माध्यम इंग्रजी होते. या बदलात मुलांचे काय होते, ते पुढच्या आठवड्यात पाहू.