भीतीवरही उपचार लागतो

सलाईन लावलेलं लहान मूल तो हात ताठ, अधांतरी धरून ठेवतं. खेळणं दिलं तर दुसऱ्या हाताने घेतं, घास भरवून घेतं, झोपेतसुद्धा तो हात आखडलेला असतो. नीट विचारलं तर कळतं, हातात अजून सुई आहे आणि जरा हललं की ती आत टोचेल, असं त्याला वाटत असतं. प्रत्यक्षात सुई तेव्हाच बाहेर काढलेली असते. आत राहते ती शेवईसारखी मऊ प्लॅस्टिकची नळी. डॉक्टरांना हे माहीत असतं, नर्सना माहीत असतं. आईला बहुतेक वेळा माहीत नसतं आणि मुलाला सांगायचं कुणाला सुचत नाही. तशीच एक कोरी नळी मुलाच्या बोटांत देऊन वाकवून दाखवली की तो हात हळूहळू सैल पडतो.

हे दाखवून देणं हा जगात एक स्वतंत्र व्यवसाय आहे. अमेरिकेत त्याला ‘चाइल्ड लाइफ’ म्हणतात, ब्रिटनमध्ये ‘हॉस्पिटल प्ले’. हे काम करणारी माणसं औषध देत नाहीत, इंजेक्शन टोचत नाहीत. पुढे काय होणार आहे ते मुलाला त्याच्या वयाला कळेल असं सांगायचं, ते होत असताना त्याच्याजवळ थांबायचं आणि घरच्यांना सावरायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी बालविकासाचं रीतसर शिक्षण आणि रुग्णालयातली उमेदवारी लागते.

या व्यवसायाची गरज पटायला बराच काळ गेला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधल्या रुग्णालयांत आईबापांना मुलांपासून लांब ठेवण्याची रीत होती. संसर्गाची भीती हे एक कारण. आई भेटून गेली की मूल रडतं आणि वॉर्डाची शिस्त बिघडते, हे दुसरं. 1949 च्या सुमारास लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये पालकांना रविवारी दुपारी दोन ते चार एवढीच मुभा होती. लंडन हॉस्पिटलमध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना भेटताच येत नसे. पार्टिशनमधून नुसतं बघून परत फिरायचं.

टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये काम करणारे समाजसेवक जेम्स रॉबर्टसन यांनी वॉर्डात गप्प राहणाऱ्या, म्हणून ‘शहाण्या’ ठरलेल्या मुलांकडे बारकाईने पाहिलं. आधी आकांत, मग खिन्नता, मग आई आली तरी तोंड फिरवणं, अशा तीन पायऱ्या त्यांनी मांडल्या. गप्प झालेलं मूल सावरलेलं नसतं, त्याने आशा सोडलेली असते, हे त्यांचं म्हणणं. 1952 साली त्यांनी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस दाखल झालेल्या अडीच वर्षांच्या मुलीवर फिल्म केली. रडण्याचे प्रसंग वेचून घेतले असा आरोप होऊ नये म्हणून रोज ठरावीक वेळी, भिंतीवरचं घड्याळ दिसेल असं चित्रण केलं. ती मुलगी फारशी रडत नाही, स्वतःला आवरत राहते. म्हणूनच ती फिल्म बघवत नाही. डॉक्टरांनी आधी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. पण ब्रिटनमधल्या सरकारी समितीच्या 1959 च्या प्लॅट अहवालाने पालकांना मुलांजवळ मोकळेपणाने येऊ द्यावं, लहानग्यांच्या आयांना सोबत राहू द्यावं, अशी शिफारस केली.

तिकडे अमेरिकेत क्लीव्हलँडच्या सिटी हॉस्पिटलमध्ये डॉ. फ्रेडरिक रॉबिन्स यांनी 1955 साली एमा प्लँक या शिक्षिकेला बोलावून घेतलं. पोलिओच्या विषाणूवरच्या संशोधनासाठी आदल्याच वर्षी नोबेल मिळालेला हा माणूस. विषाणूइतकंच वॉर्डातल्या मुलांच्या मनाकडे बघायला हवं, हे त्यांना कळलं होतं. व्हिएन्नात माँटेसरी पद्धतीत घडलेल्या प्लँक यांनी तिथे खेळ, शाळा आणि ऑपरेशनची पूर्वतयारी यांची घडी बसवली. 1962 साली आलेलं त्यांचं पुस्तक या व्यवसायाचा पाया मानलं जातं.

कामाची रीत बघण्यासारखी आहे. समजा, रक्ताच्या कर्करोगाच्या पाच वर्षांच्या मुलाचं पाठीतलं पाणी तपासायचं आहे. आदल्या दिवशी त्याच्या हाती कापडी बाहुली दिली जाते. चेहरा त्यानेच रंगवायचा. मग खरा कापूस, खरं बँडेज, सुई काढलेली सिरिंज. बाहुलीच्या पाठीला औषध लावलं की थंड लागतं, मग जोरात दाबल्यासारखं होतं, तोवर पाय पोटाशी घेऊन राहायचं, हे सगळं मूल स्वतःच्या हाताने करून बघतं. बाहुलीला ते काय बोलतं, कसं दटावतं, यावरून त्याच्या मनातली भीती बाहेर येते.

काही नियम पक्के असतात. ‘दुखणार नाही’ असं कधी म्हणायचं नाही, कारण दुखलं की पुढच्या प्रत्येक शब्दावरचा विश्वास उडतो. ‘इंजेक्शन घ्यायचं का?’ असं विचारायचं नाही, कारण ‘नको’ला तिथे जागाच नसते, ‘डावा हात की उजवा?’ असं विचारायचं. शक्यतो मुलाच्या कॉटवर सुई टोचायची नाही. ती जागा त्याला सुरक्षित वाटली पाहिजे. चौघांनी हातपाय दाबून आडवं पाडण्याऐवजी आईच्या मांडीवर, छातीशी धरून बसवायचं. तासभर आधी कातडी बधिर करणारं मलम लावायचं. सुई टोचताना एकानेच बोलायचं. हे सगळे लाड वाटतील, पण लक्ष दुसरीकडे वेधल्याने मुलांच्या सुईच्या वेदना कमी होतात, हे अनेक संशोधनं एकत्र तपासणाऱ्या 2018 च्या कॉक्रेन आढाव्यातही नोंदलं गेलं आहे.

वयाप्रमाणे भीती बदलते. तान्ह्याला आई दिसेनाशी होण्याची भीती. चार-पाच वर्षांच्या मुलाला आजार ही शिक्षा वाटते. आपण खोटं बोललो म्हणून हे झालं, असं ते मनाशी धरून बसतं. किशोरवयात केस गळण्याची लाज आणि मित्र तुटण्याचं दुःख मोठं. आणि घरी राहिलेलं भावंड? ‘भांडणात मीच म्हटलं होतं, मर जा,’ हे ओझं ते कुणालाही न सांगता वाहत असतं. त्याच्याशी बोलणं हाही या कामाचाच भाग.

आपल्याकडचं चित्र थोडं वेगळं आहे. युरोपातल्या आयांना झगडून मिळालेली गोष्ट आपल्या सरकारी रुग्णालयांत आधीपासून आहे: आई कॉटखाली चटई टाकून मुलापाशी असते. पण ती स्वतःच घाबरलेली असते, आणि बाप बाहेर व्हरांड्यात नाहीतर फुटपाथवर. परळच्या टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयात देशभरातून मुलं येतात. अशा कुटुंबांसाठी 2006 साली मुंबईत सुरू झालेल्या सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सने उपचार चालू असेतो मोफत निवारा, स्वतःची चूल मांडता येईल असं स्वयंपाकघर, मुलांचा अभ्यास आणि समुपदेशन यांची सोय केली. चूल पेटली की आईच्या दिवसाची घडी बसते, आणि आई सावरली की मूल सावरतं.

रुग्णालयाच्या आत पाहिलं, तर 1946 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची देशातली पहिली नेमणूक झाली. आज ते पद मोठ्या रुग्णालयांत रुळलं आहे. मात्र कागदपत्रं आणि मदतनिधीच्या धावपळीत त्या माणसाला मुलापाशी बसायला वेळ उरत नाही. म्हणून मुलांच्या प्रत्येक वॉर्डात निदान एक माणूस फक्त या कामासाठी हवा. त्याला महागडं यंत्र लागत नाही; प्रशिक्षण, पगार आणि एक कपाट खेळणी लागतात. जिल्हा रुग्णालयांपासून धर्मादाय संस्थांपर्यंत सर्वांनी हा खर्च उपचाराचाच धरला पाहिजे.

तोवर आपल्या हातात आहे ते आपण करू या. ‘जेवला नाहीस तर डॉक्टर टोचतील’ हा धाक घरातून हद्दपार करा. ‘मुंगी चावल्यासारखं होईल’ म्हणून फसवू नका. दवाखान्यात नेण्याआधी मुलाला खरं सांगा: थोडं दुखेल, लवकर संपेल, मी तुझ्याजवळ असेन. आणि मग खरोखर जवळ थांबा.