पावणेचारचा सूर्यास्त

लग्नानंतर लेक इंग्लंडमधील लेस्टरला निघाली, तेव्हा सामानात खाकरे, थेपले आणि सामायिकाचे कटासणे आम्ही आठवणीने भरले. तिथल्या सूर्याचा विचार मात्र कुणीच केला नव्हता. पुण्यात सूर्यास्त वर्षभर सहा ते सव्वासातच्या दरम्यान फिरतो. लेस्टरला जूनअखेर तो रात्री साडेनऊला होतो, आणि डिसेंबरात चार वाजण्यापूर्वीच! लेक त्या वेळी कचेरीत. पहिल्या हिवाळ्यात ती फोनवर "जेवण झाले" एवढेच सांगे. किती वाजता, हे मीही कधी विचारले नाही.

गेल्या डिसेंबरात आम्ही उभयता तिच्याकडे गेलो. रविवारी तिने ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जैन केंद्रात नेले. दर्शनी भाग शुभ्र संगमरवराचा, पण वास्तू मूळची ख्रिस्ती प्रार्थनागृहाची. १९८८ मध्ये येथे प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर आणि दिगंबर, दोन्ही आम्नायांची मंदिरे एकाच छताखाली आहेत. आपल्याकडे हे किती ठिकाणी जमते, हे ज्याचे त्याने आठवावे.

तेथे एक वृद्ध गुजराती बेन भेटल्या. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. 'आमच्याकडे येऊ नका' अशी जाहिरात लेस्टरच्या नगरपालिकेनेच युगांडातील वृत्तपत्रात दिली होती. तरी हजारो लोक तेथेच आले, त्यांत या बेनही. कंपाला विषुववृत्ताजवळचे, सूर्य बारा महिने सातच्या आसपास मावळणार. येथे पहिल्याच हिवाळ्यात होजिअरीच्या कारखान्यात काम करताना त्यांचा चौविहार अनेकदा मोडला.

"मग?" लेकीने विचारले.

"मग काय, बेटा? दुसऱ्या दिवशी पुन्हा पच्चक्खाण घेतले."

लेक गप्प झाली. परतताना बसमध्ये तिने सांगितले, की त्या हिवाळ्यात तीन महिने ती रात्री जेवत होती. ते सांगताना तिला रडू आले. मी रागावले नाही. खरे तर मला ते ठाऊकच होते.

निघताना बेनने तिला लेस्टरच्या सूर्यास्ताच्या वेळांचे हस्तलिखित कोष्टक दिले होते. सोमवारी तिने वरिष्ठांना विचारून दुपारची सुट्टी साडेतीनला मागून घेतली. एवढे सोपे होते, पण वर्षभर विचारण्याचा धीर झाला नव्हता. त्याच दुपारी मला छायाचित्र आले: डब्यात थेपले, मुगाची उसळ, शेजारी ते कोष्टक. खिडकीबाहेर सूर्याचा पत्ता नव्हता, नुसते ढग.